गाडीतलं आभाळ खाली का येतं?



आभाळ पडलं म्हणून रानभर पळत सुटलेला ससा तुम्हाला ठाऊक आहेच. पाठीवर एक पान पडलं आणि याला वाटलं, संपलं सगळं! पळण्याआधी त्याने एकदा वर पाहिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. (आणि आपली मजा गेली असती, ते वेगळं!)

आज आपण वर पाहणार आहोत. कुठे? गाडीत बसल्यावर डोक्यावर जे छत असतं ना, तिकडे. गाडी नवी असते तेव्हा हे छत कसं ताठ, गुळगुळीत असतं. आठ-दहा वर्षं गेली की काही गाड्यांत ते मधेच फुगतं, मग पोट आल्यासारखं खाली लोंबायला लागतं. उंच माणसाच्या केसांना लागतं, वाऱ्याने फडफडतं. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं डिंक खराब, कुणी म्हणतं कापड स्वस्तातलं, आणि बहुतेक वेळा शेवटी बोट दाखवलं जातं ते मागे बसणाऱ्या मुलांकडे! "यांनीच ओढलं असणार."

खरं काय असतं? चला, पाहू या.

छतात दडलंय काय?

गाडीचं खरं छत पत्र्याचं. तोही पत्रा किती जाड? एक मिलिमीटरहूनही पातळ! पत्र्याच्या घरात पावसाळ्यात राहिलेल्यांना विचारा. सर आली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि मे महिन्याच्या दुपारी तोच पत्रा तव्यासारखा तापतो. गाडीतही तेच झालं असतं. म्हणून पत्र्याच्या आत एक दुसरं, मऊ छत लावतात. ते आवाज शोषतं, उष्णता थोडी अडवतं, दिव्याच्या वायरी झाकतं आणि खड्ड्यात गाडी उसळली तर आपलं डोकं थेट पत्र्यावर आपटू देत नाही. आपल्याकडचे कारागीर याला 'रूफ लायनिंग' किंवा नुसतंच 'सीलिंग' म्हणतात.

जुन्या गाड्यांत, म्हणजे अॅम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत, हे आतलं छत तंबूसारखं असायचं. आडव्या कमानदार तारा, त्यांवर ताणून बसवलेलं रेक्झिन किंवा कापड आणि कडेने चिकटवलेलं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत तुमचे आईबाबा बसले असतील तर त्यांना विचारा, छताला कसलं कापड होतं? फुलाफुलांचं, वेलबुट्टीचं, नाहीतर डोळे दिपवणाऱ्या रंगांचं! २०१५ साली तर 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी खास चित्रं काढून त्यांची कापडं टॅक्सीच्या आसनांना आणि छताला लावली होती. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, पण तिच्या छताची आठवण अजून निघते.

आजच्या बहुतेक गाड्यांत तंबू नसतो. त्यांच्या छताला तीन थर असतात. अगदी सँडविचसारखे!

पहिला थर, साच्यात दाबून तयार केलेला हलका, कडक बोर्ड. त्याला छताचा आकार दिलेला असतो.

दुसरा थर, सुमारे तीन-चार मिलिमीटर जाडीचा मऊ फोम.

तिसरा थर, आपल्याला दिसतं ते कापड.

कापड आणि फोम आधीच एकमेकांना जोडून येतात. त्यातली फोमची बाजू बोर्डाला चिकटवतात. म्हणजे लक्षात घ्या, कापड थेट बोर्डाला चिकटलेलं नसतंच. मधे फोम आहे. आणि आपल्या गोष्टीतला खरा गडी तोच!

फोमचं पीठ

हा फोम पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन पहिल्यांदा तयार केलं. आज ते सोफ्यात आहे, गादीत आहे, बुटांच्या तळव्यात आहे. मऊ, हलकं, स्वस्त. पण त्याचे दोन शत्रू आहेत, दमट हवा आणि उष्णता. हवेतली वाफ वर्षानुवर्षं फोममध्ये शिरते आणि त्याच्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकेक करून तोडते. याला म्हणतात जलविघटन. उष्णता असली की हे काम आणखी लवकर होतं.

तुम्ही कधी पाहिलंय का, लग्नाकार्यासाठी घेतलेले बूट खोक्यात जपून ठेवलेले असतात, चार-पाच वर्षांनी बाहेर काढून घातले की दहा पावलांत तळवा खडबडीत होऊन गळायला लागतो? बूट तर वापरलेही नव्हते! तिथेही हेच झालेलं असतं.

आता गाडीचा विचार करा. उन्हात बंद करून ठेवलेली गाडी तासाभरात आतून बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंशांनी अधिक तापू शकते. छत तर थेट तापलेल्या पत्र्याखाली. त्यात आपल्याकडे कोकणात चार महिने ओल, विदर्भात उन्हाळ्याची भट्टी. बिचारा फोम किती दिवस तग धरणार? त्याचं हळूहळू पिवळट पीठ होतं. कापडही धड असतं, बोर्डही धड असतो, पण मधला दुवाच विरघळून गेलेला असतो. मग कापड खाली येणार नाही तर काय करणार?

करून पाहा

हे पटत नसेल तर एक सोपा प्रयोग करा. साहित्य: चिकटपट्टी आणि खडूची पूड. (डस्टर झटकलं की हवी तेवढी मिळते. पण वर्गाबाहेर झटका हं, नाहीतर बाई रागावतील!)

स्टीलच्या डब्याचं स्वच्छ झाकण घ्या. त्यावर चिकटपट्टीचा वीतभर तुकडा दाबून लावा आणि ओढून काढा. जोर लागला ना? आता झाकणावर खडूची पूड बोटाने पसरा आणि तिच्यावर नवा तुकडा तसाच दाबून लावा. ओढा. अलगद निघाला!

आता त्या दुसऱ्या तुकड्याची चिकट बाजू पाहा. पांढरीफेक झालेली दिसेल. म्हणजे चिकटपट्टीने काम चुकवलं का? मुळीच नाही. ती पुडीला घट्ट चिकटली. पूडच झाकणाला चिकटलेली नव्हती. दोष चिकटपट्टीचा नाही, दोष मधल्या पुडीचा.

लोंबणाऱ्या छताला वरच्या वर डिंक लावला की तो का टिकत नाही, याचं उत्तर या प्रयोगात आहे. कापड उचलून आत डिंक मारला तर तो त्या पिठाला चिकटतो. आठवडाभर छान दिसतं, पुढच्या उन्हात पुन्हा पोट खाली. शिवाय डिंक कापडातून झिरपला तर डाग पडतात ते वेगळेच. कुणी टाचण्या टोचतात. त्या निदान चार दिवस कापड धरून ठेवतात, पण धक्क्यांनी एखादी सुटली तर ती आसनावर नाहीतर मुलांच्या अंगावर पडायची भीती असते. म्हणजे रोग एक आणि औषध भलतंच!

काकांची गाडी

आमच्या शाळेची काही मुलं एका काकांच्या जुन्या, मोठ्या गाडीतून येतात. यंदा पावसाळा संपता संपता त्या गाडीचं छत मागच्या बाजूने लोंबायला लागलं. काकांच्या समोरच्या आरशात मागचा रस्ता दिसेना, फक्त राखाडी कापड दिसायचं. मागे वळून बघत गाडी मागे घ्यायची म्हणजे केवढी जोखीम! गाडीत डझनभर दप्तरं आणि त्यांचे मालक.

बोलता बोलता तिसरीतल्या एका मुलाचं नाव पुढे आलं. तो रोज मागे खिडकीशी बसायचा आणि लोंबत्या कापडात बोट खुपसायचा, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. झालं! "यानेच फाडलं." पालकांच्या बैठकीत एकाने तर म्हटलं, खर्च त्याच्याच घरून घ्यावा. त्याचे वडील हातावर पोट असलेले. ते काही बोलले नाहीत, नुसते खाली मान घालून बसले. मुलगा दोन दिवस गाडीत बसायलाच तयार नव्हता, चालत आला.

काका मात्र शांत. ते म्हणाले, "बाई, छत उतरवतो रविवारी. काय ते तेव्हा समजेल. उगाच पोराला कशाला बोल लावायचा?"

रविवारी ते गाडी घेऊन ओळखीच्या कुशनवाल्याकडे गेले. शेजारच्या आळीतलंच दुकान, म्हणून मी आणि दोन-तीन पालकही पाहायला गेलो. तो मुलगा वडिलांचा हात धरून आला होता.

कुशनवाल्याने आधी बॅटरीची एक वायर काढली, म्हणजे छतातल्या दिव्याच्या वायरींची भीती नको. मग ऊन अडवणाऱ्या समोरच्या झडपा, धरायच्या मुठी, दिवा, खांबांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, दारांच्या कडेचं रबर, सगळं एकेक करून सोडवलं. प्रत्येक स्क्रू ज्या वस्तूचा, त्याच वस्तूबरोबर वेगळ्या वाटीत. पुढची आसनं आडवी केली आणि दोघांनी धरून तो अख्खा बोर्ड मागच्या दाराने बाहेर काढला. अगदी अलगद, कारण बोर्ड मधे दुमडला की त्याची मोड कधीच जात नाही.

मग त्याने कापड ओढलं. सरसर निघालं, आणि खाली पिवळट पिठाचा सडा! मागच्या कोपऱ्यात पीठ होतं, तसंच पुढे झडपेच्या वरही पीठ, आणि सामान ठेवायच्या जागेच्या वर, जिथे कुठल्याच मुलाचा हात पोचत नाही, तिथेही तेवढंच पीठ. कुशनवाला म्हणाला, "हे कुणी ओढून होत नाही, साहेब. वय झालं याचं." बैठकीत खर्चाचं बोलणारे गृहस्थही तिथेच उभे होते. त्यांनी त्या मुलाच्या वडिलांना म्हटलं, "चला, चहा घेऊ." एवढंच. पण पुरेसं होतं.

काकांनी मुलाला जवळ बोलावलं. "बोटं खुपसत होतास ना? ते काही बरोबर नव्हतं. पण छत तू नाही पाडलंस." मुलाने मान हलवली आणि झाडू घेऊन पीठ झाडायला लागला. कुशनवाल्याने लगेच त्याला थांबवलं, नाकाला रुमाल बांधल्याशिवाय झाडायचं नाही म्हणून!

पुढे काय केलं?

आता खरी कारागिरी. ती समजायला सोपी आहे, कारण तुम्ही सायकलचं पंक्चर काढताना पाहिलेलं आहे.

पंक्चरवाला काय करतो? आधी ट्यूब घासून स्वच्छ करतो. मग ट्यूबला सोल्युशन लावतो. लगेच चिकटवतो का? नाही! थोडं वाळू देतो. मग पॅच ठेवून दाबतो. छताचंही अगदी तसंच.

पहिलं काम घासायचं. बोर्डावरचं सगळं पीठ नायलॉनच्या ब्रशने काढायचं. तारेचा ब्रश नको, बोर्ड ओरबाडतो. हात फिरवला तर बोटाला काही लागता कामा नये. कुशनवाल्याचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. आम्हाला वाटत होतं, किती घासतोय हा! पण खडूच्या पुडीचा प्रयोग आठवा.

दुसरं काम मापाचं. फोम लावलेलं नवं कापड बोर्डावर कोरडंच पसरायचं, चारी बाजूंनी थोडं जास्त ठेवून. मग त्याची अर्धी बाजू अंथरूण दुमडावं तशी मागे दुमडायची.

तिसरं काम सोल्युशनचं. बोर्डालाही लावायचं आणि फोमच्या बाजूलाही, दोन्हीकडे पातळ आणि सारखं. मग थांबायचं. बोट लावलं तर चिकट लागावं, पण बोटाबरोबर वर येऊ नये. शाळेत वापरतो तो पांढरा गोंद इथे चालत नाही, उष्णता सोसणारंच सोल्युशन लागतं.

चौथं काम बसवायचं. कापड मधून बाहेरच्या बाजूला, तळहाताने हळूहळू सारत न्यायचं, म्हणजे सुरकुती आणि हवा कडेने निघून जाते. बोर्डात जिथे खोलगट भाग असतो, तिथे कापड आधी खोलात दाबून बसवायचं. तिथे घाईने कापड ताणून पुलासारखं बसवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात तेवढा भाग सुटतो. अर्धी बाजू झाली की उरलेली अर्धी तशीच.

सगळं वाळलं की कडेचं जास्तीचं कापड कापायचं, दिव्याच्या जागी फुलीसारखी चीर द्यायची आणि बोर्ड पुन्हा जागेवर. काकांनी बोर्ड रात्रभर वाळू दिला. सोमवारी मुलं चालत आणि रिक्षाने आली, काकांची दोन्ही वेळची फेरी बुडाली. मंगळवारी मात्र आरशात मागचा रस्ता लख्ख दिसत होता.

आईबाबांसाठी दोन शब्द

घरच्या गाडीचं छत लोंबत असेल तर कारागिराला तीन प्रश्न जरूर विचारा. बोर्ड बाहेर काढणार का? जुना फोम पूर्ण घासून काढणार का? सोल्युशन उष्णता सोसणारं आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' आली तरच काम द्या. "काही नको, असंच चिकटवून देतो" असं कुणी म्हटलं, तर पैसे थोडे लागतील खरे, पण पुन्हा लागतील.

बऱ्याच नव्या गाड्यांत छताच्या कडेला, खिडक्यांच्या वर, पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. अशा गाडीचं छत घरी मुळीच उतरवू नका. ते काम प्रशिक्षित माणसाचंच. आणि सोल्युशनची वाफ पटकन पेट घेते, डोकंही धरतं. म्हणून काम उघड्या हवेत, विस्तवापासून लांब आणि मुलांना दूर ठेवून.

आणि तुमच्यासाठी

छत लोंबत असेल तर ओढू नका, बोट खुपसू नका. फोम आधीच थकलेला असतो, तुमच्या बोटाने तो आणखी लवकर हार मानतो. छतावर डाग पडला तर ओल्या कापडाने खसाखसा घासू नका, हलकेच टिपा. गाडी सावलीत लावायची आठवण बाबांना करून द्या. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत खेळायला म्हणूनसुद्धा कधी बसायचं नाही. धाकट्या भावंडांनाही बसू द्यायचं नाही. फोमचे काय हाल होतात ते आत्ताच वाचलंत, माणसाला तर ते फार लवकर सोसवेनासं होतं.

आता या आठवड्याचा गृहपाठ!

१. घरची गाडी, ओळखीच्यांची गाडी, रिक्षा आणि एसटी, या चौघांची छतं आतून पाहा. कुणाचं कापडाचं, कुणाचं रेक्झिनचं, कुणाचं पत्र्याचं? वहीत तक्ता करा.

२. एका गाडीच्या छताचा बोर्ड १ मीटर ९० सेंटिमीटर लांब आणि १ मीटर १५ सेंटिमीटर रुंद आहे. चारी बाजूंना १० सेंटिमीटर कापड जास्त हवं. कापडाचा पन्हा १५० सेंटिमीटर आहे. तर किती लांबीचं कापड आणाल? पन्ह्यातलं किती सेंटिमीटर कापड उरेल?

३. घरात अशी आणखी एक वस्तू शोधा, जी वरून धड दिसते पण आतला दुवा सुटल्यामुळे निकामी झाली आहे. ती दुरुस्त करायची तर आधी काय घासून काढावं लागेल, तेही लिहा.

दुसऱ्याचं उत्तर पुढच्या अंकात देईन. तिसऱ्याची उत्तरं मात्र तुम्ही मला पाठवायची. गंमत म्हणजे त्यात कुणाचंच उत्तर कुणासारखं येणार नाही. वाट पाहते.

तुमच्या बाई